दसऱ्याच्या दिवशी बाभळीचं बेअरिंग

दसऱ्याला आमच्या गॅरेजचं शटर उघडं असतं पण काम बंद. सकाळीच सगळे पाने, पुलर, हातोड्या, ग्राइंडर, वेल्डिंगचा होल्डर असं सगळं रॉकेलनं धुऊन पुसून एका कोऱ्या पोत्यावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं, नारळ, अन मग दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही. घरी तर हे आजोबांपासून आहेच, आणि फौजेत पण दसऱ्याला शस्त्रपूजा असते, तिथं रायफलींच्या शेजारी आमच्या वर्कशॉपचे टूलबॉक्स सुद्धा मांडलेले असत. मी १९९४ ला भरती झालो, ईएमई मधे, म्हणजे फौजेच्या गाड्या, यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक, आणि २०१६ ला हवालदार म्हणून रिटायर होऊन गावी आलो. गाव कारंजा आणि मंगरूळपीरच्या मधलं, वाशिम जिल्हा. ट्रॅक्टर, थ्रेशर, मोटरपंप, जे येईल ते करतो.

तर त्या दसऱ्याला चारच्या सुमारास एक पोरगं मोटरसायकलवर धावत आलं. दारातूनच ओरडलं, "फौजीभाऊ, चला लवकर, हडंबा बसला! चाळणीकडून कडकड आवाज आला न एकदम धूरच निंगाला."

हडंबा म्हणजे मळणीयंत्र, ट्रॅक्टरवर चालणारं. बाहेर येऊन आभाळ पाहिलं. मावळतीकडून काळं येऊन राह्यलं होतं, हवा बंद, अंगाला चिकचिक. ज्यानं सोयाबीन केलं त्याला हे आभाळ काय असतं ते वेगळं सांगायला नको. सहा एकराचं सोयाबीन सोंगून गंजी लावलेली, वर एक ताडपत्री ती पण दोन जागी फाटलेली, आणि मळणी जेमतेम चौथाई झालेली. एकदा का गंजीत पाणी शिरलं की शेंग फुटते, दाणा काळा पडतो, आणि मग मार्केटला व्यापारी मुठीत घेऊन नुसता वास घेतो न भाव पाडतो.

अवजारं पूजेत होती. मायकडे पाहिलं. मला वाटलं नाही म्हणंल, ती या बाबतीत लई कडक आहे. माय म्हणे, "ने बाप्पा. लोकायचं पीक उघड्यावर हाय. पण आधी हात जोड." हात जोडले, फुलं बाजूला केली, लागतील ती अवजारं पिशवीत टाकली. पान्यांना हळद तशीच लागलेली होती आणि रात्रभर ती हळद ग्रीसमधे मिसळून हात पिवळेकाळे झाले होते ते मला अजून आठवते.

शेतावर गेलो तर मशीनवाला आणि शेताचा मालक दोघं भांडून राह्यले होते. मशीनवाला म्हणे उद्या अकोल्याहून बेअरिंग आणतो, मालक म्हणे उद्या काय करू, पाणी उद्याची वाट पाहून राह्यलं का. मजूर बायका गंजीच्या आडोशाला बसलेल्या. मी आधी एकच काम केलं, ट्रॅक्टर बंद करायला लावला आणि चावी काढून माझ्या खिशात टाकली. हे मी प्रत्येक ठिकाणी करतो, कोणी कितीही हसो. हडंब्यात हात गेलेली माणसं आपल्या भागात गावोगाव आहेत. मशीन उघडलेलं असताना चावी ज्याचा हात आत आहे त्याच्याच खिशात पाहिजे.

मग खोलून पाहिलं. ड्रम ठीक, जाळी ठीक, पंखा ठीक. चाळणी हलवायचा जो एक्सेंट्रिक शाफ्ट असतो त्याच्या उजव्या बाजूचं पेडस्टल बेअरिंग, म्हणजे पाय असलेल्या घरात बसवलेलं बेअरिंग, गेलं होतं. नुसतं बेअरिंग नाही, घरच फुटलं होतं, बीडाचं म्हणजे ओतीव लोखंडाचं घर, खालच्या पायापासून वरपर्यंत तडा. आतली जाळी चुरा होऊन छर्रे खाली सांडलेले. म्हणजे नुसतं बेअरिंग मिळूनही भागत नव्हतं, घरासकट पूर्ण सेट पाहिजे, २०६ नंबर, ३० एमएमच्या शाफ्टचा. माझ्या दुकानात २०५ होते दोन, पण ते २५ एमएमला. कारंज्याच्या दुकानदाराला फोन लावला तर तो सासुरवाडीला, अकोल्याचा फोन बंद. आजूबाजूच्या गावातले हडंबे सगळे दुसऱ्यांच्या गंजीवर लागलेले, ते तरी कसे थांबवणार. बीड वेल्डिंग करायची स्पेशल रॉड माझ्याकडे नव्हती, आणि असती तरी चाळणीच्या हादऱ्यानं ते पहिल्या तासात पुन्हा तडकलं असतं.

माझ्याबरोबर आयटीआय केलेला एक पोऱ्या असतो. तो म्हणे, "उस्ताद, करा न काही जुगाड."

आता हा शब्द मला मनापासून आवडत नाही. म्हणजे लोक कौतुकानं म्हणतात हे कळतं, पण जुगाड म्हणलं की असं वाटतं काहीतरी ठोकलं, बांधलं, चाललं तर चाललं. भोपाळजवळ बैरागढच्या ईएमई सेंटरवर आमचे जे उस्ताद होते ते पार्ट हातात देऊन पहिला प्रश्न एकच विचारायचे, हा करतो काय? नाव नाही विचारायचे. किती फिरतो, किती वजन घेतो, किती गरम होतो, आणि तो नसला तर गाडीचं नेमकं काय अडते. एवढं ज्याला सांगता आलं त्याला तो पार्ट दुसऱ्या कशानं तरी काही तासांपुरता भागवता येते. ज्याला सांगता आलं नाही त्यानं हात लावू नये. आणि भागवलं की त्यावर चिठ्ठी बांधायची, की हे तात्पुरतं आहे, अमुक तारखेला केलं, बदला. ती चिठ्ठी बांधली नाही तर शिक्षा व्हायची.

तर मी तेच केलं. हे बेअरिंग करते काय? चाळणीचा शाफ्ट मिनिटाला अडीचशे तीनशे फेरे फिरते, जास्त नाही. वजन चाळणीचं, ते पण पुढं मागं हलणारं. गरमी कमी. धूळ मात्र बेसुमार. ड्रमचं बेअरिंग गेलं असतं तर मी मालकाला हात जोडून परत आलो असतो, तो ड्रम ज्या स्पीडनं फिरते त्याला खेळ नसते, माणूस मरंल. पण हे चाळणीचं होतं. म्हणलं लाकडाचं करू.

मशीनवाला माझ्याकडे पाहतच राह्यला. "लाकडाचं बेअरिंग?"

त्याला म्हणलं तुमच्या आजोबाची बैलगाडी कशावर चालत होती. बेअरिंग तर परवा आले. जुन्या काळच्या मळणीयंत्रात, सायबाच्या देशात सुद्धा, तेलात शिजवलेल्या कठीण लाकडाचे बेअरिंग हळू फिरणाऱ्या शाफ्टला सर्रास बसवलेले असत.

गावात आमचे सुतारकाका आहेत, पंच्याहत्तरीच्या पुढचे. फौजेचं तोंड नाही पाहिलं त्यांनी, पण लाकडातलं त्यांच्याएवढं मी कोणाला कळलेलं पाहिलं नाही. पोऱ्याला पाठवून त्यांना आणलं. त्यांनी शाफ्टला हात लावला, बोट फिरवलं, म्हणे बाभूळ पाहिजे, जुनी, वाळलेली, गाठ नको. आणि स्वतःच म्हणाले की घरामागं मोडक्या गाडीचं चाक पडेल आहे, त्याचा तुंबा, म्हणजे मधला गड्डा, घेऊ. चाळीसेक वर्षाचा बाभळीचा तुंबा! त्याच्यापेक्षा वाळलेलं लाकूड जिल्ह्यात मिळालं नसतं.

त्यांच्या ओसरीवरच काम मांडलं. इथं त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. मी ठोकळा आडवा धरला होता, त्यांनी हातातून घेऊन फिरवला आणि म्हणाले, "रेषा शाफ्टाच्या संगं नको घेऊ, रेषेचं टोक शाफ्टावर आलं पाह्यजे. नाईतर सालपटं निंगतीन." म्हणजे लाकडाच्या उभ्या नळ्यांचं तोंड शाफ्टला टेकलं पाहिजे. अगदी बरोबर, त्या नळ्यांत तेल भरते आणि तिथूनच ते शाफ्टला मिळत राहते, आणि झीज पण कमी. मी बावीस वर्षं इंजिनं खोलली पण ही गोष्ट त्यांना न शिकता ठाऊक होती. ठोकळ्याचे दोन भाग केले, मधून कापून, म्हणजे शाफ्ट न काढता खालून एक वरून एक लावून दोन लांब बोल्टांनी आवळता येईल. दोन्ही भाग शिकंजात धरून गिरमिटानं आरपार भोक, मग अर्धगोल कानशीनं घासत घासत ३० एमएमच्या थोडं वर. व्हर्नियरनं साडेतीस आलं तेव्हा थांबलो. टाइट ठेवलं तर लाकूड तेलानं आणि गरमीनं फुगून शाफ्टला पकडते. वरच्या भागाला तेलासाठी बारीक भोक.

आणि एक नाही, दोन जोड्या केल्या. सुतारकाका म्हणे दुसरी कशाला, उशीर होऊन राह्यला. मी म्हणलं असू द्या. फौजेतली सवय आहे ती, तात्पुरत्या वस्तूचा जोडीदार आधी तयार ठेवायचा.

चूल पेटवली, घमेल्यात नव्वद नंबरचं गिअर ऑइल, त्यात चारी तुकडे सोडले. सुरुवातीला नुसते बुडबुडे, भज्यासारखे. ते बुडबुडे म्हणजे लाकडातलं पाणी. जोपर्यंत बुडबुडे येतात तोपर्यंत लाकूड ओलं आहे असं समजायचं, आणि बंद झाले की जाळ काढायचा, पण लाकूड तेलातून काढायचं नाही. खरी मेख इथंच आहे. थंड होताना आतली हवा आकसते आणि लाकूड तेल ओढून घेते. गरम असताना काढलं तर वरून चोपडल्यासारखं होते, आत कोरडंच. त्याला पाऊण तास लागला असंल. तेवढ्या वेळात काही करण्यासारखं नव्हतं, विजा चमकून राह्यल्या होत्या, गावातली दहा बारा पोरं गोळा झाली, कोणी आपट्याची पानं हातात दिली, आणि एकानं विचारलंच, "काका, लढाईत पण असंच करत होते का?"

मी कारगिलमधे होतो. १९९९, जून महिना, तोपखान्याच्या एका रेजिमेंटला आमची एलएडी जोडलेली, लाइट एड डिटॅचमेंट म्हणतात, म्हणजे थोडेसे मेकॅनिक आणि एक चालतं फिरतं वर्कशॉप. द्रासचा भाग, दहा अकरा हजार फुटावर. लोकांना त्या लढाईतली बोफोर्स आठवते, आठवायलाच पाहिजे, तिची नळी खाली करून समोरच्या बंकरवर सरळ मारा केलेला मी पाहिला आहे, छाती भरून यायची. त्या लढाईत आपल्या तोपखान्यानं अडीच लाखाच्या वर गोळे, रॉकेट डागले. पण तो प्रत्येक गोळा कोणत्यातरी ट्रकनं वर नेला होता ना. आणि रस्ता असा की श्रीनगर लेह रोडचे काही तुकडे वरून शत्रूला सरळ दिसत होते, त्यामुळे गाड्या रात्री, हेडलाइट बंद करून.

त्यातलीच एक रात्र. एक शक्तिमान ट्रक गोळे घेऊन वर चालला होता, बाजूला शेल पडला आणि त्याची एक किरच, लोखंडाचा तुकडा, रेडिएटरच्या जाळीतून आत घुसली. ड्रायव्हर वाचला, गोळे वाचले, पण पाणी सगळं गेलं. गाडी कशीबशी आमच्यापर्यंत आणली. नवीन रेडिएटर मागं, तो यायला सकाळ, आणि तोफेवर गोळे रात्रीच पाहिजे होते. मी तेव्हा क्राफ्ट्समन, म्हणजे ईएमईतला साधा जवान, पंचवीस वर्षाचा. आमचा नायक आणि मी, ताडपत्रीखाली, टॉर्चवर लाल फडकं बांधून. आता रेडिएटर करतो काय? पाणी बारीक नळ्यांतून खाली नेतो, हवा लागून ते थंड होते. साठ सत्तर नळ्यांतल्या तीन फुटल्या म्हणून बाकीच्या कामच करणार नाहीत असं थोडंच आहे. फुटलेल्या नळ्यांच्या भोवतीची पातळ जाळी पकडीनं तोडून काढली, नळी मधे कापली, वरचं टोक आणि खालचं टोक चपटं करून कागदाच्या पुडीसारखं दोनदा दुमडलं, आणि पकडीनं दाबून टाकलं. तीन नळ्या, सहा टोकं. हात बधिर, पकड सुटायची, एकदा माझ्याच अंगठ्याचं मांस धरलं गेलं, तो डाग अजून आहे. तरी बारीक पाझर राह्यला. तेव्हा नायक लंगरमधे, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, गेला आणि हळद घेऊन आला, दोन मुठी. आपले ट्रकवाले करतात तेच, हळद पाण्यात टाकली की फुगून बारीक छिद्रात जाऊन बसते. नाल्याचं पाणी भरलं. एक गोष्ट मात्र ड्रायव्हरला दोनदा बजावून सांगितली, की एवढ्या उंचीवर पाणी शंभर डिग्रीला नाही, नव्वदच्या अलीकडेच उकळते, त्यामुळे काटा लालमधे जायची वाट पाहू नको, त्याच्या आधीच थांब. तो पंजाबी होता, म्हणे, "उस्ताद, हल्दी वाली गड्डी है, मैंनू पता है." गेला, नऊ किलोमीटर वर, गोळे उतरवले, आणि पहाटे परत आला. मी आयुष्यात बरीच इंजिनं बांधली, पण ती गाडी अंधारातून आवाज करत परत येताना ऐकली तसं समाधान पुन्हा नाही.

पोरं शांत झाली होती. मग मीच पुढं बोलत गेलो, कारण या विषयावर मी बोलायला लागलो की थांबत नाही, घरचे सांगतात.

त्यांना काश्मीरमधल्या झोजीला खिंडीचं सांगितलं. १९४८, आपली पोरं जिथं फक्त खेचरं चढतात तिथं रणगाडे घेऊन गेली, अकरा हजार फुटाच्या वर. पण त्या खिंडीपर्यंत जायच्या रस्त्यावरचे पूल कच्चे, रणगाड्याचं वजन झेपणार नव्हतं. तर सेव्हन्थ कॅव्हलरीच्या स्टुअर्ट रणगाड्यांचे बुरूज, म्हणजे वरचे तोफेचे फिरते भाग, काढले, वजन वेगळं केलं, झाकून गुपचूप नेलं, आणि पलीकडे पुन्हा चढवलं. मद्रास सॅपर्सनी, म्हणजे फौजेच्या रस्ते, पूल बांधणाऱ्यांनी, खेचराची वाट रुंद करून ठेवली होती. १ नोव्हेंबरला बर्फात रणगाडे समोर पाहून शत्रूला विश्वासच बसला नाही. तिथले कमांडर जनरल थिमय्यांचं नाव सगळे घेतात, ते घेतलंच पाहिजे, ते स्वतः पुढं होते. पण थंडीत बधिर झालेल्या बोटांनी ते बुरुजाचे बोल्ट ज्यांनी खोलले आणि पुन्हा लावले, त्यातला एक बोल्ट तिरपा बसला असता तर? मला नेहमी त्या हातांची आठवण येते, नावं कुठं लिहिलेली नाहीत.

आणि नॉर्मंडीचं. १९४४ ला अमेरिकन फौज फ्रान्सात उतरली तर तिथल्या शेतांचे धुरे, म्हणजे बांध, त्यांना अडवून बसले. आपल्याकडचे धुरे कसे, गुडघाभर, वर थोडं गवत, बोरी. तिथले माणसाएवढे उंच मातीचे बांध, त्यावर शेकडो वर्षांची झाडं, मुळ्या आरपार. रणगाडा वर चढला की त्याचं पोट वर होते, पोटाला पत्रा पातळ, आणि पलीकडे जर्मन तोफ वाट पाहत बसलेली. तर गप्पांमधे एका साध्या शिपायानं म्हणलं की रणगाड्याला समोर दात लावू, धुरा कापत जाईल. असं सांगतात की बाकीचे हसले. सार्जंट कलिन नावाचा एक होता, तो हसला नाही. त्यानं लोखंड कुठून आणलं पाहा, जर्मनांनीच समुद्रकाठावर यांना अडवायला जे लोखंडी अडथळे रोवले होते ते कापून आणले आणि त्याचे सुळे वेल्डिंग केले. रणगाडा न चढता बांधात घुसून आरपार निघाला. तिथल्या अमेरिकन आर्मीचे कमांडर जनरल ब्रॅडलींना जुलैमधे करून दाखवलं, त्यांनी तिथल्या तिथं हुकूम काढला आणि दोन आठवड्याच्या आत, २५ जुलैच्या हल्ल्याआधी, त्यांच्या आर्मीतल्या पाचपैकी तीन रणगाड्यांना ते दात लागले होते. मला यात कलिनएवढंच कौतुक त्या वेल्डरांचं वाटते, रात्रंदिवस. आणि ब्रॅडलींचं पण, कारण सार्जंटचं ऐकून घेतलं. डोकं खालच्या माणसाकडे असते पण रॉड आणि गॅस सिलिंडर वरच्याच्या सहीनं मिळतात, हे मी बावीस वर्षं पाह्यलं आहे.

तेल थंड झालं होतं. तुकडे बाहेर काढले तर काळेशार, जड, बोटानं दाबलं की तेल झरायचं. पळत शेतावर.

बसवायला वीस मिनिटं. एक अडचण आली, धुळीची. आणि तेल सतत मिळालं पाहिजे, कोणी हातात तेलाचा डबा घेऊन चालत्या मशीनपाशी उभा राहणं मला मान्य नव्हतं. तर एक छोटा डबा वर फ्रेमला तारेनं बांधला, त्यात इंजिन ऑइल, आणि त्यांच्याच शेतातल्या कपाशीच्या दोन फुटलेल्या बोंडांचा कापूस घेऊन लांब वात वळली. वातीचं एक टोक डब्यातल्या तेलात, दुसरं टोक लाकडाच्या भोकात. वात तेल ओढते आणि थेंब थेंब सोडते, कोणी पाहायची गरज नाही. वरून जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, धूळ जाऊ नये म्हणून. पोऱ्या त्या थेंबाकडे एकटक पाहत होता तर त्याला तिथंच गॅलिपोलीची गोष्ट सांगितली. पहिलं महायुद्ध, डिसेंबर १९१५, तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून इंग्रजांच्या बाजूची हजारो माणसं गुपचूप काढायची होती, आपले शीख, गुरखे, खेचरवाले पण त्या मोर्च्यावर होते, आणि खंदक रिकामे झाले हे समोरच्याला कळलं तर मागची माणसं कापली गेली असती. स्करी नावाच्या ऑस्ट्रेलियन लान्स कॉर्पोरलनं, वय वीस, दोन रिकामे डबे घेतले. वरच्या डब्याला बारीक छिद्र पाडून पाणी भरलं, ते खालच्या डब्यात ठिबकायचं, खालचा डबा दोरीनं रायफलच्या घोड्याला बांधलेला. पुरेसं पाणी साचलं की वजनानं घोडा ओढला जायचा आणि गोळी सुटायची. माणूस निघून गेल्यावर वीस पंचवीस मिनिटांनी रिकाम्या खंदकातून गोळी. समोरच्यांना वाटत राह्यलं की आहेत अजून. पोऱ्या म्हणे, "डब्बे अन पाणी, बस?" म्हणलं, हो, बस.

मग चावी खिशातून काढली. आधी पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरचा मशीन फिरवणारा दांडा, एकदम हळू, धान न टाकता, दहा मिनिटं. बंद करून लाकडावर तळहात ठेवला आणि दहा मोजले. दहापर्यंत हात ठेवता आला तर ठीक. कोमट होतं. मग काम सुरू, पण मी अट घातली, नेहमीच्या निम्म्यानंच गंजी टाकायची आणि दर अर्ध्या तासाला मशीन बंद करून हात लावून पाहायचं. मशीनवाल्याला ते जड गेलं पण त्यानं ऐकलं. साडेसातला सुरू झालं.

साडेदहापर्यंत छान चाललं. मजूर बायका पण थांबल्या, दसऱ्याचा सण सोडून, त्यांचं नाव मी आधी घेतलं पाहिजे खरं तर. मग जळका वास आला. बंद करून पाहिलं तर लाकडाची आतली बाजू काळी, धूर. तेल बरोबर येत होतं, मग कावून? पट्टा पाहिला तर कोणीतरी मधे पट्टा घसरते म्हणून ताणून आवळला होता, मला न विचारता. सगळा ताण एका बाजूला आला. राग आला पण त्या पोराचा चेहरा पाहून बोललो नाही, त्याला वाटलं मदत करून राह्यलो. दुसरी जोडी पिशवीत होती. बारा मिनिटात बदलली. सुतारकाका झोपायला गेले नव्हते, बंडीवर बसून होते, ते फक्त म्हणाले, "बरं झालं दोन केल्या."

पावणेतीनला पहिला थेंब पडला. गंजी तोवर हाताएवढी उरली होती. ती ताडपत्रीखाली ढकलली, भरलेले कट्टे, म्हणजे पोती, ट्रॉलीत टाकून झाकले आणि ट्रॉली रस्त्याला काढली. मागून जो पाऊस आला तो सकाळी सात पर्यंत. उरलेलं थोडं भिजलंच, दोन अडीच कट्ट्याचं नुकसान, पण बेचाळीस कट्टे कोरडे घरी गेले. मालक काही बोलला नाही, त्यानं ट्रॉलीवरच बसल्या बसल्या माझ्या हाताला धरून आपट्याचं एक पान दिलं, भिजलेलं.

दुसऱ्या दिवशी अकोल्याहून बेअरिंग आलं. मशीनवाला म्हणे, भाऊ हेच चालू देऊ न आता, चालून राह्यलं चांगलं. नाही म्हणलं, साफ. रात्रीच त्याच्यावर पुठ्ठ्याची चिठ्ठी तारेनं बांधून ठेवली होती, तात्पुरतं, तारीख, बदला. काढून व्हर्नियर लावलं तर साडेतीसचं भोक साडेएकतीसच्या वर गेलं होतं, तेवढ्या चार तासात. अजून एक दिवस चाललं असतं, मग शाफ्ट नाचला असता आणि चाळणी फुटली असती. पोऱ्याला ते माप स्वतः घ्यायला लावलं, दोनदा.

सुतारकाकांना पैसे द्यायला गेलो तर घेईनात. म्हणे त्या फुटलेल्या बेअरिंगचे छर्रे दे, नातवाला खेळायला. खाली सांडलेले मी वेचून डबीत ठेवलेच होते. मोजले तर आठ. २०६ मधे नऊ असतात. म्हणजे एक कुटारात, मळणीच्या भुशात, गेला. मालकाला लगेच फोन केला की ते कुटार बैलाच्या गव्हाणीत टाकायच्या आधी चाळून घ्या, छर्रा पोटात गेला तर जनावर जाईल. त्याच्या बायकोनं दोन दिवस सूप घेऊन सगळं कुटार पाखडलं आणि तिसऱ्या दिवशी पोराच्या हाती नववा छर्रा पाठवला, धुऊन.